पांढरा बिल्ला

ता. ९ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

पार्सल पोचले. आत निघाले ते असे: लोकरीचे पायमोजे दोन जोड, गुडघ्याला चोळायच्या मलमाची नळी एक, बिस्किटांचा डबा एक (कोपरा चेपलेला), आणि ठमीसाठी चाटायच्या मिठाची वीट एक. टपालाला तुला एकशे चाळीस पडले, तिकिटांवर दिसते. त्यातले शंभर तरी विटेच्या वजनाचे असतील. तसली वीट इथल्या दुकानात अठराला मिळते. म्हणजे बाबांच्या मोज्यांना सोबत म्हणून मीठ आले असे नव्हे, मिठाला सोबत म्हणून मोजे आले. सुतळी सोडवून गुंडाळून ठेवली आहे. कागद बरा होता, त्याच्याच पाठीवर हे लिहिते आहे.

मलम परत पाठवत नाही, वाया जाईल. पण बाबांचा गुडघा नव्हे, खुबा मोडला आहे. दोन वर्षांत तेवढे लक्षात राहायला हरकत नव्हती.

तुझ्या पत्रात दहा ओळी होत्या, त्यांतल्या सात ठमीच्या. तेव्हा आधी तिचेच सांगते. ठमी चांगली आहे. वजन चारशे दहा किलो. लोकर दाट आली आहे. कुंपणाशी कोणी दिसले की अजून धावत येते, आणि गुराखी अजून तिला पाहिले की फाटकाच्या मागे जातो. म्हणतो, "बाकीचे साठ मला घाबरतात, मी हिला घाबरतो. हिशेब बरोबर आहे."

तुला राग येईल, पण आठवण करून देते. तिची आई खड्ड्यात पडून मेली तेव्हा तू तिला बाटलीवर वाढवलेस, चुलीशेजारी निजवलेस. बाबा तेव्हाच म्हणाले होते की बाटलीवरच्या बायसनला माणसाचे भय राहत नाही, पुढे जड जाईल. तू त्यांच्या गळ्यात पडून हसलीस. पुढे जड कोणाला गेले ते तू पाहिलेसच. रागाने नव्हे, दाणे मागायला ती त्यांच्या अंगावर आली आणि फाटकाशी त्यांना दाबून धरले. दवाखान्यात त्यांचा हात हातात घेऊन तू शब्द घेतलास, ठमीला गोळी घालायची नाही, विकायची नाही. त्यांनी दिला. आठवड्याने नोकरीवर निघालीस आणि दारात मला म्हणालीस, "आई, तुला हे सगळं जमतं. मला नाही जमत." मला काय काय जमते त्याची यादी देत नाही. सकाळी त्यांना उठवून बसवण्यापासून सुरू होते आणि तू जेवताना वाचत असशील.

आता कामाचे. कळपाला जंतांनी पोखरले आहे. गेल्या थंडीत सहा वासरे गेली, पोटे फुगून आणि शेपट्या घाणीने माखून. गाईंना चालते ते औषध बायसनला चालते असे सगळे धरून चालतात, पण कोणी नीट पाहिलेले नाही. एका औषध कंपनीला ते पाहायचे आहे. किती लागू पडते आणि किती बाधते, दोन्ही. आपल्याच आवारात, आपल्याच जनावरांवर. मोबदला चांगला देतात, वर साऱ्या कळपाला तीन वर्षे औषध फुकट. त्यांना तीन ते सहा वर्षांच्या चोवीस माद्या हव्यात. आपल्याकडे ठमी धरून बरोबर चोवीस आहेत.

बाबांना सांगितले. म्हणाले, "तेवीस आहेत म्हण."

"तेवीसवर करार होत नाही."

"मग नको करार."

"आणि वासरं?"

भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "पोरीला शब्द दिलाय गं मी."

तेव्हा तू त्यांना शब्दातून मोकळे कर. दोन ओळी पुरेत. देव सद्बुद्धी देवो.

आई


ता. २८ ऑक्टोबर

चि. धाकटीस,

तुझे उत्तर मिळाले. मी दोन ओळी मागितल्या होत्या, तू चार पाने पाठवलीस. तिकीट कमी लावले होतेस, ते पोस्टमनने माझ्याकडून वसूल केले.

बाबांना अक्षर लागत नाही म्हणून पत्र मीच मोठ्याने वाचून दाखवले. एक शब्द गाळला नाही. "ठमीला हात लावलात तर मला आईच नाही असं समजेन," तेही वाचले. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "मागच्या बाजूला काही आहे का?" मी पान उलटून दाखवले. मागे काही नव्हते. चार पानांत त्यांची चौकशी नव्हती, हे त्यांनी मला असे विचारले.

त्याच संध्याकाळी गुराख्याने आणखी एक वासरू ओढत आणले. हिवाळा सुरू व्हायच्या आधीच. ते खिडकीतून पाहत होते. मग म्हणाले, "शब्द गोळीचा होता आणि विक्रीचा होता. औषध द्यायचं नाही असं काही तिनं मागितलं नव्हतं." हे त्यांचे बोलणे आहे, माझे नाही. मी पुढे काही घातले नाही.

कंपनीची डॉक्टरीण आली आहे. तुझ्याच वयाची, नखे कापलेली, बूट दाराबाहेर काढते. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "काकू, तुमच्या घरात शेणाचा वास येत नाही. कमाल आहे." पाहुणीच्या खोलीची चादर रोज स्वतः घडी करते. तुला हे मुद्दाम लिहीत नाही, आपले सहज.

चहाच्या वेळी तिने बाबांना समजावले. वरच्या आवारात बारा माद्या राहतील, कानात पिवळे बिल्ले घातलेल्या. त्यांच्या पाठीवर पाचपट औषध ओतायचे.

बाबांच्या हातातला कप थांबला. "पाचपट?"

"चुकून कोणी जास्त दिलं तर काय होतं ते कळायला हवं ना, काका. तोल जातो का, आंधळी होतात का, चारा सोडतात का."

"आणि मरतात का," बाबा म्हणाले.

"तेही," ती म्हणाली. खोटे बोलत नाही ती, हे मला आवडले.

खालच्या आवारात उरलेल्या बारा, पांढऱ्या बिल्ल्यांच्या. त्यांतल्या सहांना नेहमीचे औषध, सहांना नुसते पाणी. बाबांनी विचारले, "ह्यांचं काय बघायचं मग?"

"औषध लागू पडलं का. जंत मोजायचे."

बाबा पुष्कळ दिवसांनी हसले. "मोजा, मोजा. ते आमच्याकडे हवे तेवढे आहेत." पुढे त्यांनी काही विचारले नाही. एवढ्या दाट लोकरीतून औषध कातडीपर्यंत पोचेल का, यावर दोघे बोलत बसले.

करार सोळा पानांचा आहे. बाबा म्हणाले, "कर सही, ती काय फसवतेय." पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मी कशावर सही करत नाही, हे तुला माहीत आहे. जेवणाची भांडी आवरून वाचला. जे कळले नाही ते डॉक्टरीणबाईंना स्वयंपाकघरात विचारून घेतले. मग सही केली.

काल चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक मादी लोखंडी खोड्यात जखडायची, वजन करायचे, डब्यातून चिठ्ठी काढायची, त्या रंगाचा बिल्ला कानात टोचायचा. ठमीला जखडावे लागले नाही. आपण होऊन आत गेली आणि डॉक्टरीणबाईंचा खिसा चाटायला लागली. चिठ्ठी निघाली पिवळी.

चिठ्ठी माणूस काढतो, पण निघायची कोणती ते वर ठरलेले असते. बाबा रात्री जेवले नाहीत. मी जेवले.

आई


ता. १३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,

उत्तर नाही. ठीक. आई नाही असे समजलीस तर पत्र तरी कोणाला लिहिणार.

पण एक बातमी आहे आणि तुला बरे वाटेल अशी आहे. ठमी आता वरच्या आवारात नाही. कशी, ते लिहिते.

औषधाचे खोके यायचे होते. ते आणायला डॉक्टरीणबाई गुरुवारी शहरात गेल्या. त्यांची गाडी वळणाआड गेली आणि बाबांनी चाकाची खुर्ची अंगणात नेऊन ठेवायला सांगितली. दोन वर्षांत ते आपण होऊन बाहेर गेले नव्हते. गुराख्याला हाक मारली.

"वजनाचा कागद आण. ठमीच्या वजनाची खालच्यांत कोण आहे?"

"एक आहे, चारशे सात."

"दोघींना खोड्यात घे. बिल्ले बदल."

गुराखी माझ्याकडे पाहायला लागला. "बाई, कंपनीला कळलं तर?"

"त्या पोरीला गवा आणि गालिचा यांतला फरक कळायला अजून दोन वर्षं आहेत," बाबा म्हणाले. "वजन जुळलं की झालं. बिल्ला पडला, नवा लावला म्हणायचं. पडत नाहीत का?"

मग मला म्हणाले, "तू दाण्यांची बादली धर गं. तुझ्या हातनं खाताना ती कान हलवत नाही."

मी बादली धरली. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. ठमीने बादलीत तोंड घातले, गुराख्याने कातरीने पिवळा बिल्ला कापला आणि त्याच भोकातून पांढरा घातला. रक्तसुद्धा आले नाही. खाऊन झाल्यावर तिने माझा पदर चाटला. बाबा खुर्चीत पुढे वाकून बघत होते, त्यांच्या कपाळाला घाम होता. थंडी असूनही.

"झालं," ते म्हणाले. "आता मरणार नाही ती." आणि माझा हात धरला. उचलून घेण्यासाठी नव्हे, असा अपघातानंतर पहिल्यांदाच धरला.

मी काही बोलले नाही. त्यांनी मला काही विचारले नव्हते. विचारले असते तर सांगितले असते. मी आयुष्यात खोटे बोललेले नाही, आणि न विचारलेल्याचे उत्तर द्यावे असे कुठल्या पोथीत मी वाचलेले नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने दाढी केली आणि म्हणाले, "धाकटीला लिही. म्हणावं, बापानं शब्द पाळला." म्हणून लिहिते आहे. त्यांचे शब्द वर आहेत तसेच आहेत.

आता माझे. डिसेंबरच्या दहा तारखेपर्यंत ये. त्याआधी आलीस तर तू सोडून गेलीस तशीच ठमी तुला भेटेल. गाडीभाडे मी देईन, दोन्ही वेळचे. एवढे मी कशासाठी कधी दिलेले नाही, यावरून काय समजायचे ते समज. याहून जास्त लिहीत नाही.

आई


ता. २१ डिसेंबर

चि. धाकटीस,

तू आली नाहीस. पोस्टकार्ड आले. "सुट्टी मिळत नाही. ठमी वाचली, बाबांना थँक्यू सांग." पोस्टकार्डावर निम्मी जागा कोरी होती.

घडले ते क्रमाने लिहिते. मधे थांबू नकोस.

औषध नोव्हेंबरच्या अखेरीस ओतले. वरच्या बारांना पाचपट. दोन दिवस त्या माना झटकत होत्या, तोंडाला लाळ होती. एक आडवी झाली. बाबा खिडकीतून बोट दाखवून म्हणाले, "ती बघ, चारशे सातवाली. ठमीच्या जागची." आणि हात जोडले. तिसऱ्या दिवशी ती उठली. चौथ्या दिवशी सगळ्या चरत होत्या. डॉक्टरीणबाईंनी रोज डोळ्यांत बॅटरी मारून पाहिले, चालवून पाहिले. काहीही झाले नाही. पाचपट औषध बायसनला सोसते, हे सिद्ध झाले. त्या बाराही आता कळपात परत आहेत. चारशे सातवाली गाभण आहे म्हणतात.

आता खालच्या. जंत कसे मोजतात ते बाबांनी विचारले नव्हते. मी स्वयंपाकघरात विचारले होते. शेणात अंडी मोजतात, पण त्याने नुसता अंदाज येतो. नक्की मोजायचे तर पोट उघडावे लागते. औषध मिळालेल्यांचे आणि पाणी मिळालेल्यांचेही, कारण तुलना कशाशी करणार. करारात ते नवव्या पानावर आहे, आणि भरपाई दहाव्या पानावर. सही करताना ठमी कुठल्या आवारात जाणार हे मला माहीत नव्हते. बादली धरताना माहीत होते.

दहा तारखेला ट्रक आला. बाबांना एवढेच ऐकू आले की पांढऱ्या बिल्ल्यांच्या माद्या कंपनीच्या जागेत नेणार. मालकाच्या बाजूचे कोणी सहीला लागते, म्हणून मी गेले. जायचे यायचे भाडे कंपनीने दिले.

तिथे उतरवताना जनावरे हटून बसली. बायसन अनोळखी जागी पाय टाकत नाही. माणसे काठ्या घेऊन ओरडत होती. मी म्हटले थांबा. बादलीत मूठभर दाणे घातले आणि बोळात पुढे उभी राहिले. ठमी आली. ती आली तशा बाकीच्या अकराही तिच्या मागून आल्या, एका रांगेत. कोणाला काठी लावावी लागली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, हे जनावर किती गुणी आहे तुमचं." मी म्हटले, "माझ्या मुलीने वाढवलंय." त्या म्हणाल्या, "कळतंय."

ठमी पहिली होती म्हणून तिचा नंबर पहिला लागला. मी देवाचे नाव घेत बाहेर बसले. त्रास झाला नाही म्हणाले, आणि आवाज तरी आला नाही.

नंतर आत बोलावले. पोट आणि आतडी चाळण्यांवर धुतात, काळ्या ताटांत पसरतात आणि दोन मुली चिमट्याने जंत वेचून मोजतात. पाणी मिळालेल्यांच्या ताटांत शेवयांसारखे वळवळत होते, हजारांनी. ठमीला औषध मिळाले होते. तिचे ताट स्वच्छ होते. दोघींनी दोनदा पाहिले, एकही नाही. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आले, आनंदाने. तीन वर्षे त्या यासाठी धावत होत्या. म्हणजे औषध बाधत नाही आणि गुण येतो, दोन्ही ठरले. पुढच्या थंडीत आपली वासरे मरणार नाहीत. ठमी फुकट गेली असे मी म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस.

तू विचारशील, मी असे का केले. पिवळी चिठ्ठी निघाली तेव्हा मी देवाला म्हटले होते, तुझी इच्छा. चिठ्ठी बाबांनी फिरवली, मी नाही. मी मधे पडले नाही, एवढेच. दोन वर्षे मी त्यांना उचलते आहे आणि दोन वर्षे रोज सकाळी ते माझ्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघतात, ती कुंपणाशी आली का म्हणून. जिने मोडले तिची वाट बघायची आणि जी उचलते तिच्या खांद्यावरून बघायची. तू दूर होतीस. तुला ते रोज दिसले नाही, मला दिसले.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते. कंपनीची जागा तुझ्या शहरापासून तासाभरावर आहे. बाबांना वाटते तिथे मोठे कुरण आहे आणि ठमी तिथे चरते आहे. रोज म्हणतात, "धाकटीला लिही, एकदा जाऊन बघून ये म्हणावं. बिल्ल्याचा कान चिघळला नाही ना, तेवढं बघ." अजून त्यांनी मला सरळ विचारलेले नाही की ठमी आहे का. ज्या दिवशी विचारतील त्या दिवशी मी सांगेन, कारण माझ्या तोंडून खोटे निघत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. ती पांढऱ्या बिल्ल्याने गेली आणि तो त्यांनीच घालायला लावला, तेही मग त्यांना कळेल. डॉक्टर म्हणतात त्यांचे हृदय आता पूर्वीचे राहिलेले नाही.

तेव्हा खोटे तुला लिहायचे आहे. तू म्हणाली होतीस, मला सगळे जमते आणि तुला जमत नाही. हे मला जमत नाही. हे तू कर.

वेगळ्या कागदावर लिही, त्यांच्या नावाने. मोठ्या अक्षरात, म्हणजे त्यांना स्वतःला लागेल आणि मला वाचून दाखवावे लागणार नाही. तू गेलीस, तिला पाहिलेस, तिने तुला ओळखले. फार छान आहे असे लिहू नकोस, त्यांना जनावर कळते. थोडी वाळली आहे लिही, म्हणजे विश्वास बसेल. कान बरा आहे लिही. आणि या वेळी त्यांची चौकशी कर, दोन्ही बाजूंना. दर महिन्याला एक तरी पाठवावे लागेल, ते असेपर्यंत.

कालपासून ते मला हाक मारतात आणि मी आल्यावर काहीतरी विचारायचे राहू देतात. फार दिवस राहू देणार नाहीत. पुरेसे तिकीट लावून उलट टपाली पाठव.

आई